सिद्राम पेंटरची मंजुरी

माणूस गेला की तेराव्यानंतर त्या घराची पायरी दोघेजण हमखास चढत. एक मी, विम्याच्या क्लेमचे कागद घेऊन. आणि दुसरा सिद्राम पेंटर, कोळशाची कांडी आणि लाकडी चौकट घेऊन. मी गेलेल्या माणसाचं वय, आजार आणि वारसाचं नाव विचारायचो. सिद्राम नाक विचारायचा. ‘नाक आईवर होतं का बापावर?’ हा प्रश्न आमच्या क्लेमच्या कागदांवर कुठेच नव्हता, पण लोक त्याच्या प्रश्नांना माझ्यापेक्षा मोकळी उत्तरं देत. माझ्यासमोर सगळे दबकून बोलायचे. एखादं उत्तर चुकलं तर काम अडकेल अशी त्यांना धास्ती असायची. सिद्रामसमोर मात्र घरातले एकमेकांत भांडायला लागायचे, आणि त्याला तेच हवं असायचं.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नुकताच विमा एजंट झालो होतो आणि सोलापूर, मोहोळ, होटगी अशा टप्प्यात एका जुन्या सायकलवर नाहीतर एसटीत बसून लोकांना मरणाची आठवण करून देत हिंडत होतो. सिद्राम राहायचा भवानी पेठेत. त्याच्या खोलीच्या दोन्ही अंगांना माग चालत. दिवसभर तो खडखडाट ऐकून त्याला इतक्या मोठ्यानं बोलायची सवय झाली होती, की दुखवट्याच्या घरात त्याचं पहिलं वाक्य ऐकून बायका दचकायच्या. “मालकाचा फोटो काढायचाय न्हवं?” असं तो दारातून विचारायचा, तेव्हा पलीकडच्या गल्लीतलाही एखादा ‘हो’ म्हणून जायचा.

फोटो म्हणजे रंगवलेलं चित्र. त्या वेळी कॅमेऱ्याचा फोटो आणि ब्रशचा फोटो यात आमच्याकडे कुणी फरक करत नसे. कितीतरी म्हाताऱ्यांचा जन्मात एकच फोटो निघालेला असायचा, तोही कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यात, हरभऱ्याएवढा चेहरा आणि अर्ध्या तोंडावर मांडवाची सावली. त्या हरभऱ्यातून सिद्राम हातभर उंचीचा माणूस उभा करायचा. आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ते का सोडलं असं विचारलं तर म्हणाला, “पाटीला नातेवाईक नसत्यात सायेब. काम करून काय मजा?”

अंगानं काटकुळा, कानामागे कोळसा. कोळसा सदा त्याच कानामागे खोचून तो कान कायमचा काळा झाला होता. दुसऱ्यांच्या कानांवर मात्र त्याचं बारीक लक्ष. “कान घराण्याचा असतोय, नाक ज्याच्या त्याच्या नशिबाचं,” असं तो म्हणायचा. एकदा मोहोळच्या स्टँडवर एका अनोळखी माणसाला त्यानं, “तुमी अमक्या पाटलांचे पुतणे काय?” असं विचारलं आणि तो माणूस खरंच पुतण्या निघाला. त्या पुतण्याला आनंद व्हायचा सोडून राग आला, कारण त्या पाटलांशी त्यांचं कोर्टात चाललं होतं. मी सिद्रामला विम्याचे फायदे समजावून सांगायचो तेव्हा तो माझे कानच न्याहाळत बसायचा. मीही पुढेपुढे टोपी खाली ओढून घ्यायला लागलो.

त्याचा विमा काढायचा चंग मी बांधला होता आणि त्यानं तो कधी पुरा होऊ दिला नाही. आमचं बोलणं ठरलेलं असे.

“मी मेलो तर काय हुतंय?” सिद्राम विचारायचा.

“तुमच्या घरच्यांना पैसे मिळतात.”

“आन् मी चुकलो तर?”

“चुकलात म्हणजे?”

“कुणाच्या बापाचं तोंड चुकीचं काढलं. घरच्यांनी त्याला हार घातला. वर्षं न् वर्षं भलत्याच माणसाच्या पाया पडले. मग?”

“त्याचा विमा नसतो सिद्रामअप्पा.”

“मग काय उपेग? मरनार एकदाच. चुकतो दर महिन्याला.”

मी ही गोष्ट गमतीनं आमच्या शाखेच्या साहेबांना सांगितली. साहेब म्हणाले, “चुकांचा विमा सुरू केला तर पहिला आपल्याच ऑफिसचा काढावा लागेल.” साहेबांचं हे म्हणणं मी सिद्रामला कळवलं तेव्हा तो इतका हसला की शेजारचा माग थांबला.

विमा मिळत नाही म्हटल्यावर त्यानं स्वतःच बंदोबस्त केला होता. त्याला तो ‘मंजुरी’ म्हणायचा. चित्र तीन-चतुर्थांश झालं की चादरीत गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरला बांधून तो त्या घरी न्यायचा. भिंतीला टेकवून ठेवायचा आणि घरातल्या झाडून सगळ्यांना समोर बसवायचा. चित्रात सगळं असायचं, फक्त डोळे नसायचे. डोळ्यांच्या जागी नुसते दोन फिकट डाग. “डोळे उघडले की माणूस घरात आला,” तो म्हणायचा. “मग त्याला हे करा, ते करा म्हनता येत न्हाई. आत्ताच काय ते बोला.” मग प्रत्येकानं एक तरी खोड काढलीच पाहिजे असा हुकूम. कुणी हात जोडून “लई छान” म्हटलं की सिद्राम वैतागायचा. “आधी न्हाई म्हना, मग चहा पिऊ,” असं म्हणून तो पुढ्यातला कप सरकवून ठेवायचा. मंजुरी होईतोवर त्या घरचं गोड खायचं नाही असंही त्यानं ठरवलेलं होतं. पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून तो ओट्यावर बसून खायचा आणि आतल्या बायकांचा जीव कासावीस व्हायचा.

या मंजुरीत काय काय निघायचं. गावातल्या एका कापडवाल्यांच्या घरची बैठक मी पाहिली आहे. थोरल्याला वडिलांच्या डोक्यावर फेटा हवा होता, मधल्याला अंगात कोट, आणि धाकट्याला मनगटावर घड्याळ, आणि त्या घड्याळाची वेळही दिसली पाहिजे. तिघांची जुंपली. सिद्राम शांतपणे कोळसा तासत बसला होता. शेवटी त्यानं कोपऱ्यातल्या त्यांच्या आईला विचारलं, “आई, तुमी काय म्हनता?” म्हातारी म्हणाली, “ते घरात उघडेच बसायचे.” तिन्ही पोरं एकदम ओरडली. कापडाच्या दुकानाचा मालक उघडा बसवायचा म्हणजे काय. बरीच खळखळ होऊन तोड निघाली. कोट घालायचा, पण गळ्याखालची बटणं उघडी ठेवायची. पोरांना कोट मिळाला आणि म्हातारीला उघड्या बटणांतून थोडेसे मालक मिळाले. बाजारात पुढे ते चित्र पाहून लोक म्हणायचे, शेठजी अगदी असेच बसायचे बघा.

होटगीच्या एका रेल्वेतल्या मुकादमाचं मात्र वेगळंच झालं. घरात सगळे इतके रडत होते की खोड कुणीच काढेना. चित्रातला मुकादम एखाद्या बुवासारखा सात्त्विक दिसत होता. सिद्राम अस्वस्थ होऊन नुसता येरझारा घालत होता. तेवढ्यात शेजारचा एक गृहस्थ दारात डोकावला. या गृहस्थाचं आणि मुकादमाचं सांडपाण्याच्या गटारावरून जन्मभर वाकडं होतं. तो चित्राकडे बघून म्हणाला, “ह्यो कोन? ह्यो लई गरीब दिसालाय. आमचा मुकादम बोलायच्या आधी जबडा असा पुढं काढायचा.” आणि त्यानं स्वतःचा जबडा पुढे काढून दाखवला. सिद्रामनं तिथल्या तिथे ब्रश उचलला. जबडा पुढे आला आणि मागून मुकादमाच्या मुलीचा हुंदका आला, “आता बाबा आले.” गटारवाला शेजारी खिडकीशी उभा राहून डोळे पुसत होता.

तेव्हापासून सिद्रामनं मंजुरीला नवं कलम जोडलं. चित्र आधी वैऱ्याला दाखवायचं. घरच्यांना प्रेमानं दिसत नाही, पण ज्याच्याशी भांडण झालं त्यानं ते तोंड नीट बघितलेलं असतं. घरी गेल्या गेल्या तो विचारायला लागला, “ह्यांचं वाकडं कुनाशी हुतं?” घरातले चमकायचे. काही घरांत उत्तर द्यायला कुणाला वेळ लागायचा नाही, एवढंच सांगतो.

या कलमानंच त्याला पुढे गोत्यात आणलं.

मोहोळच्या पुढे एका वाडीत महादेव नावाचा माझा एक विमेदार होता. शेती आणि मिरचीचा व्यापार, वय फार नाही. छातीत कळ येऊन अचानक गेला. घरात थोरला भाऊ, त्याला सगळे तात्या म्हणत, आणि महादेवची बायको सगुणाबाई. मूलबाळ नव्हतं. क्लेमच्या कामाला मी गेलो तेव्हा तात्यांनी विचारलं, कुणी फोटो काढणारा आहे का ओळखीचा? मी सिद्रामचं नाव सांगितलं.

सिद्राम गेला, सगळं रीतसर केलं. महादेवचं वाकडं होतं शेजारच्या दत्तोबाशी, शेताच्या बांधावरून. दत्तोबा आला आणि बारकाईनं सांगून गेला. “डावा डोळा असा बारीक करून बघायचा. आन् व्हट दाबून धरायचा.” तात्यांनीही मान डोलावली. सगुणाबाई आतल्या दारामागे पदर पुढे ओढून उभी होती. त्या घरात धाकट्या सुनेनं थोरल्या दिरासमोर तोंड दाखवायचं नाही, मग बोलणं तर दूरच. सिद्रामनं तिलाही विचारलं. आतून आवाज आला, “तात्या म्हनत्यात तर आसंल.” मंजुरी झाली. सिद्रामनं डोळे उघडले, आणि मग तात्यांकडचा शिरा खाऊन तो परत आला.

काही महिन्यांनी क्लेम मंजूर झाल्याचं सांगायला मी वाडीत गेलो. तात्या शेतावर होते. पुढच्या खोलीत, सोप्यात बसलो आणि भिंतीकडे बघितलं तर चित्रावर एक जुनं धोतर टाकलेलं. सगुणाबाईला मी वयानं धाकट्या भावासारखा. मी विचारलं, “वहिनी, हे झाकून का ठेवलंय?”

“धूळ बसती,” ती म्हणाली.

मी पाणी प्यायलो. थोड्या वेळानं तीच हळू म्हणाली, “दादा, मी हितंच निजते, ह्याच सोप्यात. ते असं बघत्यात जसं काय माझं कायतरी चुकलंय. तसं त्येंनी मला कवाच बघितलं न्हाय वो. तात्या घरी आलं की कापड काढते, गेलं की टाकते.”

एसटीत बसल्यावर मला हे डोक्यातून जाईना. बाईचं लग्नाचं सुख तसंही थोडंच झालं होतं, आणि आता उरलेलं आयुष्य तिला शेताच्या बांधावरची ती नजर सोसत काढायची होती. मला फार वाईट वाटलं. तडक भवानी पेठेत जाऊन मी सिद्रामला सगळं सांगितलं.

त्यानं कानामागचा कोळसा काढून खाली ठेवला. मीच त्याची समजूत काढायला लागलो. म्हटलं, “अप्पा, तुमच्यावर याची काहीच जबाबदारी येत नाही. तात्यांनी मंजूर केलंय, दत्तोबानं केलंय, तिनंही हो म्हटलंय. तुम्ही सुटलात.”

“मंजूर करनारे त्या सोप्यात निजत न्हाईत,” सिद्राम म्हणाला. “आन् तिला ‘न्हाई’ म्हनायची सोयच नव्हती. मग तिच्या ‘हो’ला काय धरून बसायचं? दत्तोबाचा वैरी म्या तिच्या उशाशी टांगला की सायेब.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वाडीला गेलो. आम्ही बिऱ्हाड नांदेडकडे हलवणार होतो, त्या आठवड्यातच निघायचं होतं. घरी आवराआवर सोडून कुठे निघालात, म्हणून बायकोनं दोन शब्द सुनावले होते. तात्या घरीच होते. सिद्रामनं सरळ सांगितलं, डोळे बदलायचे आहेत. तात्या भडकले. “आमी पास केलाय फोटो. आन् तुमीच म्हनला हुता, डोळं उघडल्यावर बरूश लावायचा न्हाय. एकदा मेला म्हादू. आता तुमी परत डोळं मिटवनार त्याचं?”

तात्या त्याच्याच नियमावर बोट ठेवत होते. तो मोठ्यानं बोलणारा माणूस खाली बघून म्हणाला, “माझं चुकलंय तात्या. मला निस्तरू द्या. न्हाई जमलं तर जसं हाय तसं परत करून देतो.” तात्या काहीतरी पुटपुटत टोपी घालून गोठ्याकडे निघून गेले. तीच त्यांची परवानगी असं आम्ही धरलं.

सगुणाबाई दारामागेच. सिद्रामनं तिला काहीही विचारलं नाही. शेजारच्या पोराकडून एक पाटी मागून घेतली आणि खडूनं त्यावर एक माणूस काढायला लागला. नाक काढलं ते वांग्याएवढं. त्यानं कान काढले, हत्तीला शोभतील असे. मग मिशा काढल्या, त्या पाटीबाहेर जायला लागल्या. “असेच हुते न्हवं म्हादबा?” त्यानं भाबडेपणानं विचारलं.

दारामागे खुदकन हसू आलं. “आसं न्हाय,” सगुणाबाई म्हणाली.

“मग?”

“मिशा बारीक हुत्या.”

त्यानं मिशा पुसल्या आणि आणखी चुकीच्या काढल्या. ती परत ‘न्हाय’ म्हणाली. मग कपाळ. परत ‘न्हाय’. नंतर तिच्या तोंडून ‘न्हाय’ इतक्या सहज यायला लागलं की बोलता बोलता ती उंबऱ्याच्या अलीकडे येऊन बसली. आधी चूक करून द्यायची म्हणजे समोरच्याला ती काढायला जड जात नाही, असं सिद्रामनं एकदा मला सांगितलं होतं. मी तेव्हा ती थाप समजलो होतो.

“आता डोळे,” सिद्राम म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा हळू ऐकला.

ती जरा वेळ पदराचं टोक पिरगाळत राहिली. मग म्हणाली, “रानातनं आलं की पानी मागायचं. घरात सगळी मानसं असायची, बोलायची सोय न्हाय. मी तांब्या द्यायची. तांब्या तोंडाला लावून वरनं माझ्याकडं बघायचं. पानी संपलं तरी तांब्या खाली घ्यायचं न्हाईत. खालचं तोंड तांब्याआड, निस्तं डोळं दिसायचं. तेवढंच काय ते आमचं बोलनं. बाकीचं तोंड तुमी कसंबी काढा अप्पा, डोळं तेवढं मला ठाव हायत.”

सिद्रामनं चित्र उतरवून मांडीवर घेतलं. रंगाची पत्र्याची डबी उघडली. जुने डोळे त्यानं अंगाच्या रंगानं बुजवले आणि तो तिला विचारत विचारत नवे काढायला लागला. भुवई थोडी वर. “अजून.” पापणी जरा जड. “व्हय, दमून आलेलं असायचं.” डाव्या डोळ्याचं बारीकपण गेलं. दाबलेला ओठ त्यानं तसाच ठेवला. ती म्हणाली, राहू द्या, तो मला कुठं दिसायचा.

माझी एसटीची वेळ झाली होती. मी चपला घालत होतो तेवढ्यात तात्या परत आले. सोप्यात मध्येच उभे राहून त्यांनी चित्राकडे बघितलं. सगुणाबाई पटकन उठली, पदर पुढे ओढला आणि दारामागे गेली. तात्या दोन पावलं चित्राजवळ गेले. मग म्हणाले, “ह्यो म्हादू न्हाय. जलमभर संगं ऱ्हायलो त्याच्या. आसा कवा बघायचा ह्यो?”

सिद्रामनं ब्रश खाली घेतला. तात्या मालक होते, काम त्यांनी सांगितलं होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर ते डोळे पुन्हा बुजवावे लागले असते, आणि सिद्रामनं तसं वचनही दिलेलं होतं. त्यानं मदतीला माझ्याकडे बघितलं.

दारामागून आवाज आला. त्या घरात आल्यापासून ती थोरल्या दिराशी पहिल्यांदाच बोलत असावी.

“बघायचं की. तुमी तितं नसायचा तवा.”

तात्यांनी दाराकडे बघितलं नाही. डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, परत घातली. मग सिद्रामला म्हणाले, “घ्या पुरं करून.” आणि ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले.

मी निघालो. वळून बघितलं तर सिद्राम चित्रावर वाकला होता, आणि सगुणाबाई पदर सावरत त्याच्या खांद्यावरून बघत म्हणत होती, “न्हाय अप्पा, अजून जरा.”